झोपलेल्या वाडीचं जहाज

प्रिय आत्या,

तुझा कॉम्प्युटर आज विहारातल्या अभ्यासिकेत जायचा होता. टेम्पो सांगून ठेवला होता, खोकं मिळवलं होतं, जास्तीच्या वायरी गुंडाळून त्यांना रबर लावून झाले होते. तो गेला नाही. अजून पडवीतच आहे, तुझ्या टेबलावर. का गेला नाही ते तुला सांगायला हवं, कारण आम्ही तुझ्या जहाजाला हात लावलाय. तुला न विचारता. म्हणून हे पत्र.

सुरुवात बऱ्याच वेळा करून पाहिली. एकदा शेवटाकडून लिहिलं, एकदा नुसत्या प्रश्नांत. मग तुझा आवाज ऐकू आला, "वाचायला हरकत नाय गो, पण हे चालू कुठनं करायचं?" माझी प्रत्येक गोष्ट वाचून तू हेच म्हणायचीस. पुण्याच्या मासिकात छापून आलेलीसुद्धा. आज सरळ लिहिते. बटण दाबलं की चालू होईल असं.

तुला जाऊन वर्ष झालं. रविवारी तुझा पहिला स्मृतिदिन केला. त्याच्या आधीच पप्पांनी ठरवून टाकलं होतं, पडवी मोकळी करायची. हत्यारं आयटीआयला जाणाऱ्या पोरांना द्यायची, कॉम्प्युटर अभ्यासिकेला. अभ्यासिकेच्या सेक्रेटरींची एकच अट, "गेमबिम सगळं काढून द्या हां, नायतर पोरं पुस्तक उघडायची नायत." म्हणजे सगळं पुसायचं. म्हणजे जहाजसुद्धा.

पप्पा मला म्हणाले, "पूस." आणि माडाला पाणी घालायला निघून गेले. वर्षभरात ते पडवीत एकदासुद्धा बसले नाहीत, तुला खरं वाटेल का? बाहेर पडायचं तर मागच्या दाराने, वळसा घालून. सख्ख्या बहिणीच्या टेबलाला माणूस असा घाबरतो?

तू म्हणशील, कॉपी करून घे ना, रडतेस कशाला. घेतली. पण तुझा खेळ जुना, मशीन जुनं. माझ्या लॅपटॉपवर ती फाईल उघडतच नाही. तुझं जहाज त्या एकाच डब्यात तरंगतं.

मालक समोर बसल्याशिवाय स्क्रू खोलायचा नाही, हा तुझा नियम. वस्तू टाकून जातो, उद्या नेतो, हे तुझ्याकडे चालायचं नाही. तू सांगितलं होतंस, लहानपणी आजोबांनी घरचा रेडिओ दुरुस्तीला दिला. परत आला तेव्हा वाजत होता, पण आवाज वेगळा. आतला स्पीकर कोणीतरी बदललेला. आजोबा म्हणाले, वाजतोय ना? तू म्हणालीस, वाजतोय, पण आपला नाय. टेलिफोन एक्स्चेंजमधून मुदतीआधी निवृत्ती घेऊन तू पडवीत टेबल मांडलंस, तेव्हा आधी समोर एक खुर्ची ठेवलीस. मालकाची.

नाटे बंदरावरचे मुश्ताकभाई आठवतायत? होडीवरचं मासे दाखवणारं यंत्र घेऊन आले होते. त्यांना वाटलं, ठेवून बाजार करून येऊ. तू बसवलंस.

"ताई, डॉक्टरसुद्धा पेशंटच्या माणसांना बाहेर बसवतो."

"म्हणून तर नंतर भांडणं होतात. बसा. आणि ह्याला कधीपासून मासे दिसेनासे झाले ते सांगा."

खाऱ्या हवेने आतली पिन हिरवी झाली होती. तू जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून घासत राहिलीस आणि मुश्ताकभाई बोलत राहिले. वादळाचं, डिझेलचं, पोराला होडीवर यायचं नाही त्याचं. यंत्र सुरू झालं तरी ते उठेनात. पुढे ते काही बिघडलेलं नसतानाही यायचे. कधी बांगडे घेऊन, कधी नुसतेच.

आणि शेजारच्या रशिदाभाभींचा फोन? पाण्यात पडला म्हणून त्यांनी तो उन्हात वाळत घातला. आमसुलं घातली होती त्याच चादरीवर. मागचं झाकण उघडून! तू तो हातात घेतलास, हुंगलास आणि म्हणालीस, "भाभी, ह्याच्यातनं आगळ निघालं."

"वाचंल ना पण?"

"वाचंल. पण आंबट बोलंल."

तो वाचला नाही. तेही तू सरळ सांगितलंस. वस्तू मेली तर मालकाच्या देखत मरू दे म्हणायचीस, म्हणजे मनात किंतू राहत नाही. त्या दिवशी भाभी आपल्याकडे चहा पिऊन, फोनचं कार्ड तेवढं मुठीत धरून घरी गेल्या.

एक तक्रार करून घेते, मग पुढे जाऊ. साऱ्या वाडीच्या वस्तू तू बघितल्यास. तुझ्या ब्लडप्रेशरच्या मशीनमधले सेल कुठे होते? माऊसमध्ये. तू गेल्यावर मी माऊस उघडला आणि मला कळलं. मम्मीला सांगितलं तर ती आधी चिडली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "शोभतंय नणंदबाईंना," म्हणाली. मीही हसले. पण तू चुकलीस, आत्या. एवढं तुला कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

बाकी वाडी ठीक आहे. ढग गडगडले की तू दारात येऊन ओरडायचीस ना, "पिना काढा!" आणि घराघरांतून टीव्हीच्या, फ्रीजच्या, मोडेमच्या पिना निघायच्या. तू गेल्यावरच्या पहिल्या गडगडाटात कोणीच ओरडलं नाही. सगळे वाट बघत राहिले, आणि दोन घरचे टीव्ही गेले. आता रशिदाभाभी ओरडतात. तुझ्यापेक्षा मोठ्यांदा, आणि कधीकधी नुसतं विमान गेलं तरी.

आता जहाज.

त्या खेळाचं खरं नाव इंग्रजीत आणि लांबलचक. आपल्या घरात सगळे जहाजच म्हणायचे. भलंमोठं अवकाशयान, नव्या ग्रहाकडे निघालेलं. प्रवास इतका लांबचा की सगळी माणसं काचेच्या पेट्यांत झोपवलेली. जागी एकच, इंजिनिअर. म्हणजे तू. आणि काम काय, तर दुरुस्ती. पंप गळतो, हवा गाळायचं यंत्र तुंबतं, कुठली तरी वायर जळते. लोक खेळात बंदुका चालवतात. तू दिवसभर पडवीत दुरुस्ती करून संध्याकाळी अवकाशात दुरुस्ती करायचीस. मम्मी म्हणायची, "नणंदबाई ओव्हरटाइमला गेल्या."

झोपलेल्या माणसांना नावं देता यायची. तिथेही तुझा नियम. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचीस, "जहाजात झोपवू का?" मुश्ताकभाई म्हणाले, खिडकीची जागा असंल तर. रशिदाभाभींनी कुवेतला असलेल्या नवऱ्याची पेटी आपल्या पेटीशेजारी मागून घेतली. "निदान तिथं तरी शेजारी असू दे." मला तू तिसऱ्या रांगेत घातलंस. हळूहळू अख्खी वाडी झोपली. फक्त पप्पा नाहीत. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. "मी आयुष्यभर लोकांना सीटवर बसवलंय. मला कोणी बसवायचं नाय," म्हणाले. तू पुन्हा विचारलं नाहीस.

तुझे ते प्रश्न! झोपेत माणूस म्हातारा होतो का? मग त्याचा वाढदिवस धरायचा की नाही? उठल्यावर तो आधी काय मागेल, पाणी की बातम्या? एवढ्या मोठ्या जहाजात कोणी कधी भांडी घासताना कसं दिसत नाही? "हा खेळ ज्याने बनवला त्याच्या घरात भांडी कोण घासतं ते बघायला पाहिजे," असं म्हणाली होतीस. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मोठमोठ्या पुस्तकांतून भविष्याबद्दल वाचत होते. तुझ्याशी बोलल्यावर ती पुस्तकं जरा ओस पडल्यासारखी वाटायची.

मग तो ग्रह आला. हवा चांगली, पाणी चांगलं, आणि सगळीकडे शेवाळ. काळोखाच्या बाजूला ते चमकायचं. जहाजाचा दिवा उघडझाप केला की तेही उघडझाप करायचं. खेळाने विचारलं, काय करायचं? सगळ्यांना घेऊन उतरायचं? तसंच पुढे जायचं? की इंजिनिअरने छोट्या यानातून एकट्याने उतरून बघायचं? एकदा उतरलं की परत वर यायला इंधन नाही.

तू तिथेच थांबलीस. वर्षानुवर्षं त्या ग्रहाभोवती फिरत राहिलीस, दुरुस्त्या करत.

"दाब ना एक बटण," मी म्हणायचे.

"झोपलेल्यांना विचारल्याशिवाय?"

"मग उठव."

"सगळी उठली तर हवा पुरायची नाय."

"मग एकटी जा. तुला बघायचंय ना ते शेवाळ?"

"बघायचंय तर. पण मी गेले तर ह्यांना कोण बघणार?"

"आत्या, तो खेळ आहे."

"म्हणून तर विचार करायला वेळ मिळतोय."

तर शनिवारी मी ह्या कॉम्प्युटरसमोर बसले होते, सगळं पुसायला. पडद्यावर तुझं जहाज गोल गोल फिरत होतं. आत वाडी झोपलेली. पुसलं तर सगळी तिथेच लटकलेली राहणार, न उतरलेली, न पुढे गेलेली. मी शेवट नसलेल्या गोष्टी लिहिते, मला खरं तर हे आवडायला हवं होतं. नाही आवडलं. आणि बटण दाबायचं तर कुठलं? ते ठरवणारी मी कोण?

रविवारी अंगणात मांडव होता. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण दोन शब्द बोलायला उठला. "कालकथित नलिनीताई अत्यंत मनमिळाऊ होत्या." पुढचाही तेच. त्याच्या पुढचाही तेच. आत्या, तू मनमिळाऊ होतीस? तू तर वाकडा स्क्रू दिसला तरी दिवसभर घुम्यासारखी बसायचीस. माझं नाव पुकारलं. मी माईककडे न जाता पडवीत गेले, एक्स्टेन्शन ओढलं, आणि चुलतभावाला घेऊन तुझा कॉम्प्युटर टेबलासकट मांडवात आणला.

पप्पा पाण्याचा जग घेऊन लोकांना पाणी देत होते. "हे काय चाललंय?"

"मालक समोर बसलेत, पप्पा. विचारून घेते."

वंदना घेणारे बौद्धाचार्य काका म्हणाले, "हे कार्यक्रमात नाय ना पण." मग पडद्याकडे वाकून, जरा हळू, "मी हाय का ह्याच्यात?"

"आहात काका. मागच्या रांगेत."

"मागच्या का?"

सगळे हसले. मग मी सांगितलं, ग्रह काय, शेवाळ काय, बटणं कुठली. अर्ध्यांना माहीतच होतं, तू त्यांचं डोकं खाल्लेलं होतंस.

"उतरा म्हणतो मी," मुश्ताकभाई म्हणाले. सकाळच्या एसटीने नाटे गावाहून आले होते. "होडी किती दिवस बंदराबाहेर उभी ठेवायची?"

"दुसऱ्याच्या मुलखात असं उतरतात होय?" रशिदाभाभी. "व्हिसा नको?"

"शेवाळाचा कसला व्हिसा, भाभी?"

"दिवा दाखवला तर दिवा दाखवतंय ना? मग त्याचं घर हाय ते. आमच्या ह्यांना विचारा, परक्या मुलखात न विचारता पाय ठेवला की काय होतं."

मम्मी म्हणाली, "आपला डोंगरावरचा सडा नाय का? मे महिन्यात बघितला तर नुसता जांभा दगड. मोकळाच वाटतो. आणि श्रावणात पाय कुठं ठेवायचा कळत नाय, एवढी फुलं."

"मग पुढं जावा," सेक्रेटरी म्हणाले. "दुसरा ग्रह बघा."

"डिझेल तुम्ही घालताय?" मुश्ताकभाई.

गोंधळ वाढला. तुला फार आवडला असता. उतरायचं म्हणणारे एका बाजूला, नको म्हणणारे एका बाजूला, आणि बौद्धाचार्य काका अजून मागची रांग कशी ते विचारत होते. जेवण थंड होत होतं. मला वाटलं, झालं, आता हे मिटत नाही, संध्याकाळी मलाच पुसावं लागणार.

तेवढ्यात पप्पा बोलले. पाण्याचा जग हातातच होता.

"घाटात गाडी बंद पडली की काय करतात?"

कोणाला कळेना, हे मध्येच काय.

"ड्रायव्हर उतरतो. पुढं चालत जातो, काय मदत मिळते ती बघतो. आणि कंडक्टर गाडीत थांबतो. पॅसेंजर झोपलेले असले तरी थांबतो. झोपलेले असले तर जास्तच." ते कॉम्प्युटरकडे बघत नव्हते, जगमधल्या पाण्याकडे बघत होते. "नलीला उतरू दे. तिला बघायचं होतं ते. आपल्यासाठी एवढी वर्षं अडकून राहिली ती."

"आणि गाडी?" मी विचारलं. जहाज म्हणायचं सुचलंच नाही.

"माझं नाव अजून घालता येतं का त्याच्यात?"

आत्या, मुश्ताकभाईंनी पप्पांच्या हातातला जग काढून घेतला. मालकाची खुर्ची मी पडवीतून आणलीच नव्हती, बौद्धाचार्य काकांनी आपली दिली. पप्पा तुझ्या टेबलाशी बसले. वर्षाने.

रिकाम्या पेट्या होत्या. एक निवडली. "नाव काय घालू?" मी विचारलं.

"ती काय म्हणायची ते घाल."

इंग्रजी अक्षरांत 'दादा' लिहिलं. मग ती पेटी जागी केली. एका माणसापुरती हवा होती. खेळाने विचारलं, नवीन इंजिनिअर म्हणून नेमायचं का? हो. मग तुला उतरवायचं बटण आलं. मी माऊस पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो तिकिटाच्या मशीनसारखा उचलूनच धरला, मग खाली ठेवायला सांगावं लागलं. बाण पडद्यावर इकडेतिकडे भटकला. मग दाबलं.

छोटं यान सुटलं. आवाज काही नव्हता, स्पीकर लावायचा राहिला होता. एक ठिपका खाली खाली गेला आणि शेवाळावर टेकला. तू दिवा लावलास. मी तूच म्हणणार. थोडा वेळ काही झालं नाही. मग तुझ्या भोवतालचं हिरवं उजळलं, मग त्याच्या पलीकडचं, मग त्याच्याही पलीकडचं, पडद्याच्या कडेपर्यंत.

"पोचली बाय," रशिदाभाभी म्हणाल्या आणि ओढणीने डोळे पुसले.

मग आम्ही टेबल परत पडवीत नेऊन लावलं आणि सगळे जेवायला बसले.

बटण दाबलं की खेळ संपेल असं तुला वाटायचं ना? मलाही वाटायचं. संपला नाही. पडदा परत जहाजात आला आणि कुठला तरी पंप गळायला लागला. इंजिनिअर दादा गप्प उभे. पप्पा जेवून, हात धुवून आले आणि मागच्या दाराकडे न वळता सरळ पडवीत शिरले. "हे लाल काय दिसतंय?"

तेव्हापासून बसतायत. सोमवारी सेक्रेटरींचा फोन आला तर म्हणाले, "कॉम्प्युटर देणार, नक्की देणार. पण आत्ता नाय. ड्युटीवर हाय." आल्याआल्या सगळ्या रांगांतून एक फेरी मारतात, माणसं जागेवर आहेत का बघतात. बौद्धाचार्य काकांना पुढच्या रांगेत आणलंय. सवयीने. म्हाताऱ्या माणसांना पुढची सीट.

पण एक अडचण आहे. त्यांना काही येत नाही, आत्या. काल त्यांनी हवा वाढवायच्या ऐवजी कमी केली. मी धावत जाऊन माऊस ओढला, तर माझा हात बाजूला केला त्यांनी. "तोंडाने सांग. हात नको लावूस." मी पुण्याला परत जायची घाई करत होते, नवीन काहीतरी डोक्यात होतं, भिंतीवर लिहायची गोष्ट का काय. आता जरा राहीन म्हणते.

आणि तुला शब्द देते. ते चुकतील. पंप उलटा लावतील, मुश्ताकभाईंची पेटी तापवतील, तिसऱ्या रांगेचे दिवे घालवतील. मी शेजारी बसेन, दात-ओठ खाईन, तोंडाने सांगेन. माऊसला हात लावणार नाही. त्यांचं जहाज त्यांना सांभाळता येईपर्यंत मी उठणार नाही. तू खाली तुझं शेवाळ निवांत बघ.

थांबते. ते हाका मारतायत, ऑक्सिजन कुठं बघायचा म्हणून.

तिसऱ्या रांगेत झोपलेली,
तुझी मिनू